कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

गेल्या श्रावणात आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी, जी सध्या जीवरसायनात संशोधन करीत आहे, आम्हांस भेटावयास आली होती. येताना तिने प्रयोगशाळेतील एक रिकामी कुपी मुलांस दाखविण्यासाठी आणली. कुपी करंगळीच्या दोन पेरांएवढी. तिच्यावरील चिठ्ठीत एवढाच मजकूर होता की, आतील द्रव्य मानवी सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन असून ते जीवाणूंत तयार केलेले आहे, व ते केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी आहे. औषध म्हणून नव्हे. आम्ही ती कुपी नववीच्या वर्गात फिरविली. बहुतेकांनी ती पाहिल्यासारखे करून पुढे दिली. एका मुलीने मात्र ती बराच वेळ हातात धरून ठेविली आणि मग विचारले की, हे कोणत्या माणसाच्या शरीरातून काढले, आणि तो माणूस आता कोठे आहे? सारा वर्ग हसला. आम्हांस हसू आले नाही, कारण प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर देता देता ज्या बाईंचे नाव आमच्या तोंडी आले ते देशातील शास्त्रज्ञांत सुप्रसिद्ध असूनही वर्गातील दोघीतिघींखेरीज कोणासही ठाऊक नव्हते. ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली, म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. त्यांचा जन्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी इंदूर येथे झाला. घर विद्येचे होते. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूर येथील टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले होते. थोरली बहीण म्हणजे आपल्या मराठी साहित्यातील विख्यात विदुषी दुर्गाबाई भागवत, ज्यांनी १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले व आणीबाणीच्या दिवसांत निर्भयपणे आपले मत मांडले. एका बहिणीने लोककथांचा व संस्कृतीचा शोध घेतला, दुसरीने पेशीचा. न पटलेल्या गोष्टीपुढे मान न तुकविण्याचा गुण दोघींतही सारखाच उतरला होता, हे पुढील हकिकतीवरून दिसेल.

१९३३ मध्ये कमलाबाई रसायनशास्त्र हा मुख्य व भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. परीक्षा अग्रक्रमाने उत्तीर्ण झाल्या. वडील व चुलते जेथे शिकले तेथेच आपणही पुढील संशोधन करावे असे त्यांस वाटणे स्वाभाविक होते. त्यांनी बंगळूरच्या संस्थेकडे अर्ज केला. गुणांच्या दृष्टीने नकार मिळण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही नकार आला. त्याच वर्षी संस्थेच्या संचालकपदी आलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन यांस संशोधनासाठी स्त्री विद्यार्थिनी नको होती. दुसरे कारण कोणतेही नव्हते.

येथे आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. रामन यांस १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या दिवशी त्यांचा शोध जाहीर झाला तो २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून आपण दरवर्षी शाळेत पाळतो. मुले तक्ते रंगवितात, रामन यांच्या तसबिरीस हार घालतात. तो मान योग्यच आहे. परंतु त्याच थोर पुरुषाने एका हुशार मुलीस केवळ ती मुलगी आहे म्हणून दारातून परत लावू पाहिले, हेही खरे आहे. मोठ्या माणसाची एक बाजू सांगून दुसरी झाकून ठेवावी असे काही शिक्षकांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही.

नकाराचे पत्र वाचून कमलाबाई रडत घरी बसल्या नाहीत. त्या वडिलांसह थेट बंगळुरास गेल्या व रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस होते, आणि प्रवेश मिळाल्याशिवाय येथून हलावयाचे नाही असा निश्चय या तरुण मुलीने केला. अखेर संचालक काहीसे नमले, पण अटी घालून. पहिले एक वर्ष त्यांस नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावे लागेल. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतील इतरांचे चित्त विचलित होता कामा नये. पहिल्या दोन अटी कष्टाच्या होत्या, पण तिसरी अपमानाची होती. इतरांचे चित्त विचलित झाले तर त्याचा दोष मान खाली घालून काम करणारीच्या माथी का, हे आम्हांस आजही समजलेले नाही. कमलाबाईंनी तिन्ही अटी मान्य केल्या. परंतु तो घाव त्यांच्या मनात कायमचा राहिला. सुमारे साठ वर्षांनंतर, स्वतःच्या सत्काराच्या प्रसंगीही, रामन यांच्या वागण्याने आपला अपमान झाला होता हे त्यांनी स्पष्टपणे बोलून दाखविले. म्हातारपणी माणसे जुन्या गोष्टींवर साखर पेरतात. बाईंनी ते केले नाही.

त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे शिस्तीचे कडक, पण विद्यार्थ्यास भरभरून देणारे गुरू होते. दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर कमलाबाईंनी त्यांच्या हाताखाली काम केले. विषय दिसावयास साधा, परंतु ज्या देशात कोट्यवधी लोकांस मांस मिळत नाही वा ते खात नाहीत, त्या देशात तूर, मूग, हरभरा यांतील प्रथिन कसले व किती, हा प्रश्न लहान नव्हे. वर्षभरात रामन यांची खात्री पटली, कमलाबाईंस नियमित प्रवेश मिळाला, व पुढे येणाऱ्या मुलींसाठी दार किलकिले झाले. १९४० मध्ये ॲना मणी या रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधनास आल्या. १९३६ मध्ये कमलाबाईंनी कडधान्यांवरील या संशोधनावर मुंबई विद्यापीठाची एम.एस्‌सी. पदवी विशेष गुणवत्तेने मिळविली.

शिष्यवृत्ती मिळवून त्या १९३७ मध्ये इंग्लंडात केंब्रिज येथे गेल्या. तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी १९२९ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले होते. प्रयोगशाळा गजबजलेली, जागा रिकामी नाही. तेव्हा डेरेक रिश्टर नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने आपल्या खोलीतील मेज दिवसा कमलाबाईंस वापरू दिले. बंगळूरच्या अटींच्या शेजारी हे एक मेज ठेवून पाहावे. रिश्टर यांच्यासह त्यांनी प्राण्यांच्या पेशींतील एका प्रकारच्या विकरांवर काम केले व १९३८ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. विकर म्हणजे सजीवांच्या शरीरातील असे प्रथिन की, जे एखादी रासायनिक क्रिया शेकडोपट, हजारोपट वेगाने घडवून आणते आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाही. आपली लाळ भाताच्या घासातील पिष्टाची साखर करते, ते विकराचेच काम होय.

त्यानंतर त्यांनी रॉबिन हिल यांच्यासह वनस्पतींवर काम आरंभिले, आणि तेथेच त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला शोध लागला. तो नीट समजावा म्हणून थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे.

आपण नाकाने श्वास घेतो असे म्हणतो, पण खरा श्वास पेशीच्या आत चालतो. अन्नातील शक्ती तेथे हळूहळू, पायरीपायरीने मोकळी केली जाते. गावात आग लागली असता विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहतात व पाण्याची घागर या हातातून त्या हातात देतात, ते दृश्य डोळ्यांपुढे आणावे. पेशीतही अशीच रांग आहे. मात्र घागरीच्या ठिकाणी असतो इलेक्ट्रॉन हा सूक्ष्म विद्युत्कण. या रांगेतील एक हात म्हणजे सायटोक्रोम सी. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो, व त्यामुळे त्यास तांबूस रंग येतो. तो आपली घागर रांगेतील शेवटच्या विकराकडे, म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेजकडे, देतो. आणि ते विकर ती प्राणवायूच्या हवाली करून पाणी तयार करते. हा शेवटचा हात थांबला तर सारी रांग थांबते. सायनाइड हे विष नेमके याच विकरास जखडून टाकते, म्हणून त्याने माणूस काही क्षणांत मरतो.

डेव्हिड केलिन या केंब्रिजच्याच शास्त्रज्ञाने १९२५ मध्ये सायटोक्रोमचे पट्टे कीटक, प्राणी, यीस्ट व वनस्पती यांत पाहिले होते. परंतु वनस्पतीत शेवटचे विकरही तेच आहे काय, याविषयी विद्वानांचे एकमत नव्हते. वनस्पतीच्या पेशीत प्राणवायू वापरणारी इतर विकरे इतकी असतात की, त्या गर्दीत हवे ते सापडणे कठीण. चिरलेला बटाटा उघडा ठेविला असता तपकिरी होतो, ते अशाच एका दुसऱ्या विकराचे कृत्य. आपल्या गृहिणी बटाट्याच्या फोडी चिरताच पाण्यात टाकतात त्या याच कारणासाठी. कमलाबाईंनी याच बटाट्यावर चिकाटीने प्रयोग केले, आणि १९३९ मध्ये हिल व भागवत या दोघांच्या नावे सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयीचे टिपण ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले. बटाट्याची पेशी श्वास घेते ती प्राण्याच्या पेशीप्रमाणेच, असा त्याचा साधा अर्थ. त्याच वर्षी त्यांस पीएच.डी. मिळाली. हे सारे काम चौदा महिन्यांत झाले, आणि प्रबंध टंकलिखित अवघा चाळीस पानांचा होता. आमच्या काही विद्यार्थ्यांचे सहलीचे निबंध याहून लांब असतात.

केंब्रिजहून विज्ञानातील ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून कमलाबाईंचे नाव घेतले जाते. जानकी अम्मल यांस वनस्पतिशास्त्रात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डी.एस्‌सी. १९३१ मध्ये मिळाली होती, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. त्या वेळी केंब्रिजमध्ये स्त्रियांस पदवीचे नाव तेवढे मिळे. विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व त्यांस १९४८ पर्यंत मिळाले नाही. म्हणजे अडसर केवळ बंगळुरासच होता असे नाही.

आता नववीतील त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. त्या कुपीतील प्रथिन कोणाही माणसाच्या शरीरातून काढलेले नव्हते. मनुष्याच्या पेशीत प्रत्येक प्रथिन कसे बांधावे याची आज्ञा जनुकात लिहिलेली असते. ती आज्ञा उतरवून घेऊन जीवाणूच्या पेशीत ठेविली, तर तो जीवाणू आपल्या प्रथिनांबरोबर माणसाचेही प्रथिन बांधू लागतो. याच रीतीने १९७८ मध्ये मानवी इन्सुलिन प्रथम तयार झाले व १९८२ मध्ये ते मधुमेही रोग्यांस मिळू लागले. आमच्या शहरासही ही विद्या परकी नाही. वोखार्ट कंपनीने येथे, त्या वेळच्या औरंगाबादेत, यीस्टच्या पेशींकडून बनविलेले मानवी इन्सुलिन २००३ मध्ये बाजारात आणिले. अशी इन्सुलिनची साखळी योग्य जागी तोडून घेण्यासाठी ट्रिप्सिन नावाचे विकर वापरण्याची पद्धत आहे. या ट्रिप्सिनची गाठ आपणांस पुढे पुन्हा पडणार आहे.

सायटोक्रोमच्या बाबतीत मात्र एक अडचण येते. नुसती मानवी आज्ञा दिली तर जीवाणू साखळी बांधतो, पण लोह धारण करणारा हीम नावाचा भाग तिला जोडणे त्यास साधत नाही. म्हणून ते जोडकाम करणाऱ्या यीस्टच्या विकराची आज्ञाही त्याच जीवाणूस सोबत द्यावी लागते. जीवाणूच्या घरात, यीस्टच्या कारागिराकडून, माणसाचे प्रथिन! हे शक्य होते, कारण तिघांची लिपी एक आहे. मानवी सायटोक्रोम सी म्हणजे १०४ कड्यांची साखळी. चिंपांझीची साखळी हुबेहूब तीच. ऱ्हीसस माकडाची एका कडीने वेगळी. गव्हासारख्या वनस्पतीची साखळी आठ कड्यांनी लांब, तरीही तिच्यातील निम्म्याहून अधिक कड्या आपल्याशी जुळतात. हे कड्यांचे हिशेब पुढील काळातले. १९३९ मध्ये ते कोणासही ठाऊक नव्हते. परंतु बटाट्याच्या पेशीतील श्वासाची रांग आणि आपली रांग एकाच घडणीची, एवढे त्या चाळीस पानांच्या कामाने दाखवून दिले होते. शास्त्रज्ञ आज हे मानवी प्रथिन कशासाठी वापरतात, असे कोणी विचारील. १९९६ मध्ये असे आढळून आले की, जी पेशी मरणार तिच्यात हेच सायटोक्रोम आपली जागा सोडून बाहेर येते व मरणाची क्रिया सुरू करते. कर्करोगात पेशी मरावयास तयार नसतात. तेव्हा या द्रव्याचा अभ्यास किती महत्त्वाचा, हे सांगावयास नको. हा शोध लागला तेव्हा कमलाबाई हयात होत्या.

परदेशात त्यांस संधी पुष्कळ होत्या, परंतु स्वदेशात काम करण्याची ओढ मोठी. १९३९ मध्ये त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात नव्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख म्हणून काही काळ, नंतर निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत सहायक संचालक म्हणून काही काळ, अशी वर्षे गेली. १९४७ मध्ये श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या व तेथील विज्ञानसंस्थेत जीवरसायनाच्या प्राध्यापिका झाल्या.

मुंबईतील त्यांचे काम म्हणजे बंगळुरात हाती घेतलेल्या धाग्याचेच पुढील विणकाम होय. आपल्याकडे वाल व पावटे सर्वांच्या परिचयाचे आहेत. कोकणातील बाया वाल भिजवितात, मोड आणितात, सोलतात आणि मगच बिरडे शिजवितात. कच्चा वाल खाऊ नये असे आजी सांगते. का, असे विचारले तर आजीपाशी उत्तर नसते. उत्तर असे आहे की, कच्च्या कडधान्यांत असे एक प्रथिन असते, जे आपल्या आतड्यातील ट्रिप्सिनला मिठी मारून निकामी करते. आणि ट्रिप्सिनखेरीज खाल्लेल्या प्रथिनाचे पचन नीट होत नाही. कमलाबाईंनी भारतीय अन्नपदार्थांत अशी ट्रिप्सिनरोधक द्रव्ये कोठे कोठे आहेत हे पाहिले, आणि आपल्या सहकाऱ्यासह वालातून ते द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. तो निबंध १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. उष्णतेने या रोधकाचा जोर पुष्कळसा मोडतो. आजीचे म्हणणे शास्त्रास मान्य झाले. शास्त्राने फक्त त्याचे कारण सांगितले.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचेही संशोधन केले. ताडामाडाचा हा ताजा रस आंबण्यापूर्वी पौष्टिक असतो, त्यात जीवनसत्त्वे व लोह असते, आणि त्याचा गूळ केला तरी त्यातील बराच अंश टिकतो, असे त्यांस आढळले. आदिवासी भागातील कुपोषित मुलांस व गर्भवती स्त्रियांस नीरा दिल्याने त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसून आले. या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मुंबईच्या आरे दुग्ध वसाहतीसही दुधाच्या प्रतीविषयी त्यांनी सल्ला दिला.

एवढे असूनही विज्ञानसंस्थेच्या संचालकपदी त्यांची नेमणूक होण्यास कित्येक वर्षे उशीर झाला. अखेर ती झाली, आणि केंब्रिजमध्ये ज्यांनी आपले मेज दिले होते त्या रिश्टर यांनी दुरून आनंद व्यक्त केला. सेवानिवृत्तीनंतर हातावर हात ठेवून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९६६ मध्ये मुंबईतील काही स्त्रियांनी ग्राहकांच्या रक्षणासाठी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापिली. तिच्या कार्यात कमलाबाईंनी मोठा भाग घेतला, भेसळ कशी ओळखावी हे लोकांस शिकविले, संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लेख लिहिले, आणि १९८२–८३ मध्ये तिचे अध्यक्षपद सांभाळिले. केंब्रिजच्या पदवीधर बाईंनी हळदीतील रंग व दुधातील पाणी तपासीत बसावे, हे काहींस कमीपणाचे वाटले असेल. बाईंस वाटले नाही.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी दिल्ली येथे त्यांचा सत्कार योजिला. परिषदेच्या प्रमुखपदी त्या वेळी डॉ. सत्यवती या एक स्त्री होत्या. वयाची ऐंशी वर्षे केव्हाच मागे पडली होती, तरी कमलाबाई मुंबईहून दिल्लीस गेल्या. सत्कार चालू असतानाच त्या सभागृहात कोसळल्या, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे देहावसान झाले.